सेटल म्हणजे काय, ते सांगा

गेल्या दिवाळीनंतर आम्ही कल्याणहून डोंबिवलीला राहायला आलो. तेव्हापासून फोनवर, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात, जो तो विचारतो, "काय मग, झालात का सेटल?" मी हो म्हणायला तोंड उघडते आणि उगाचच मागे वळून जिन्याकडे बघते. इतक्या वर्षांची सवय आहे, ती काय घर बदललं म्हणून जाते?

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच ही सवय होती. बोलता बोलता कुणाच्या तोंडून ‘सेटल’ हा शब्द गेला, की तो माणूस आधी बघायचा, सिस्टर आसपास नाहीत ना? त्या असल्या तर संपलंच. हातातली भाजीची पिशवी पायरीवर टेकवून, चष्मा कपाळावर चढवून त्या विचारणार, "सेटल म्हणजे काय, ते सांगा." आणि सांगितल्याशिवाय सोडणार नाहीत. तुम्हाला ऑफिसला उशीर होत असो नाहीतर गॅसवर दूध उतू जात असो, त्यांना काही देणंघेणं नसायचं.

सिस्टर म्हणजे कुसुम वाघमारे. कल्याण पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी केली. रिटायर होऊन कितीही वर्षं झाली तरी बिल्डिंगने त्यांना काकू, मावशी, आजी काही होऊ दिलं नाही. वाघमारे भाऊ लवकर गेले. मुलगी प्रज्ञा तेव्हा शाळेत होती. ती नीट शिकली, एमएस्सी झाली, एका क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवायला लागली. विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी सूत्रसंचालन तिचंच असायचं.

सिस्टर अंगाने काटकुळ्या, चालायला भराभर. चहा उभ्यानेच प्यायच्या. बसून प्यायला घेतला की कुणीतरी हाक मारतं, हा त्यांचा वॉर्डातला अनुभव. चादर घातली की तिच्या कोपऱ्यांची अशी घट्ट घडी, की माझा नवरा त्यांच्याकडच्या दिवाणावर बसायला घाबरायचा. आणि बोलताना त्या समोरच्याचं मनगट धरायच्या. नवीन माणसाला वाटायचं, केवढी माया! माया होतीच, पण दोन बोटं नाडीवर असायची. मी एकदा सासूबाईंशी वाजलेलं असताना, चेहरा हसरा ठेवून त्यांच्याकडे विरजण मागायला गेलेले. सिस्टर मनगट धरून म्हणाल्या, "बोलतेस गोड, पण नाडी पळतेय. आधी बस. विरजण कुठे जात नाही." मी बसले आणि भडाभडा रडले. त्या दिवशी दही लागलंच नाही.

तर हा ‘सेटल’. माणसं तो कुठेकुठे वापरतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तळमजल्यावर पाटील काका राहायचे. बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या आज्याची भातशेती. आता शेती गेली, बदल्यात फ्लॅट आले, गाळे आले. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलेलं असताना काका खुशीत येऊन म्हणाले, "आपला पोरगा एकदम सेटल हाय." झालं! सिस्टरनी प्रसादाची वाटी खाली ठेवली.

"सेटल म्हणजे काय, पाटील काका?"

"अगो सिस्टर, सेटल म्हंजे सेटल. भारं येतंय, गारी हाय. आजून काय पायजे?"

"भाडं येतं, गाडी आहे, हे तुमचं झालं. तो सकाळपासून कट्ट्यावर बसून मोबाईल बघत असतो, ते काय आहे?"

काका जे उठले ते सरळ आत गेले. पुढचा महिनाभर त्यांनी सिस्टरकडे बघून मान वळवली. मग एक दिवस स्वतःच जिन्यात थांबवून म्हणाले, "पोराला रिक्शाच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकून दिलंय. बोलत नाय काय? बोल ना आता!" सिस्टर म्हणाल्या, "चांगलं केलंत. पण त्याला विचारलंत का?" काकांनी कपाळाला हात लावला. दुकान मात्र चाललं.

माझ्या स्वतःच्या पोराचंही तेच. त्याला ज्युनियर केजीत घातलेलं तेव्हा पहिला आठवडा नुसता टाहो. दुसऱ्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, तो आता छान सेटल झाला. मी पेढे वाटायचीच बाकी होते. सिस्टरनी त्याला मांडीवर घेतलं, मनगट धरलं आणि विचारलं, "काय रे, आता का नाही रडत?" तो म्हणाला, "रडलं तरी मम्मी येतच नाही." मला एवढं वाईट वाटलं! दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बाईंशी बोलले, काही दिवस अर्धा वेळ त्याच्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसले. मग तो खरोखर रमला.

सिस्टर म्हणायच्या, "आपल्याकडे किती शब्द होते गं. सून रुळते. भांडण मिटतं. पाणी निवळतं. धंद्याचा जम बसतो. दुखणं उतरतं. प्रत्येकाचं वेगळं असतं ना? रुळायला आपल्याला स्वतःला तसं वाटावं लागतं. मिटायला दोघं लागतात. आता सगळ्यांना एकच, सेटल. बोललं की सुटलं. पुढे कुणाला बघायला नको."

मला वाटायचं, बाईंना भाषेचं वेड आहे. तसं नव्हतं. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, लसूण सोलत, माझ्याकडे न बघता. हॉस्पिटलात एक ड्युटी संपून दुसरी सुरू होते तेव्हा जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटचा रिपोर्ट देते. सिस्टर नोकरीला नवीनच होत्या. बाळंतपणानंतरची एक पोरगी होती, विशीतली. सकाळभर ती पोट धरून ओरडत होती. दुपारच्या ड्युटीला सिस्टर आल्या तेव्हा रिपोर्ट मिळाला, पेशंट आता सेटल आहे. यांनी लांबूनच बघितलं. पोरगी डोळे मिटून शांत पडलेली. वॉर्ड भरलेला, यांच्या स्वतःच्या पोटात सकाळपासून अन्न नाही. म्हटलं, ही बरी आहे तोवर चहा घेऊन येऊ.

"ती बरी नव्हती गं," सिस्टर म्हणाल्या. "आतून रक्त जात होतं. तिच्यात ओरडायचं त्राण उरलेलं नव्हतं. मी परत आले तेव्हा हात थंड पडलेले. खूप धावाधाव केली. गेली."

एवढं सांगून त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि मला म्हणाल्या, तुझ्या आमटीला हव्यात का यातल्या? मी वाटी घेतली आणि घरी आले.

त्यानंतर मला त्यांचा तो प्रश्न कधी विनोदी वाटला नाही. विहारात मात्र लोक हसायचे. रविवारी सकाळी वंदना झाली की तिथल्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा वधू-वर परिचय व्हायचा, आणि तो सिस्टर चालवायच्या. लग्नाच्या बाजारात या शब्दाशिवाय तर पान हलत नाही. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलेले. एका मुलाचे वडील उभे राहिले, कडक इस्त्रीचा शर्ट, म्हणाले, "मुलगा बदलापूरला सेटल आहे. स्वतःचा वन बीएचके."

सिस्टर म्हणाल्या, "फ्लॅट बदलापूरला आहे, कळलं. मुलाचं सांगा."

"तेच सांगतोय ना, सेटल आहे!"

"त्यालाच सांगू द्या. बोल बाळा, सेटल म्हणजे काय?"

मुलगा उभा राहिला. आधी बापाकडे बघितलं, मग छताकडे. म्हणाला, "मॅडम, हप्ता जातो वेळेवर. पण ऑफिस अंधेरीला आहे. घरी फक्त झोपायला जातो. शेजारी कोण राहतं ते पण माहीत नाही." वडील चांगलेच वरमले. पण मागच्या रांगेतली एक मुलगी खुदकन हसली आणि म्हणाली, "माझं पण सेमच आहे." आज त्या दोघांना एक मुलगी आहे आणि ते अंधेरीजवळ भाड्याने राहतात. बदलापूरचा फ्लॅट त्यांनी भाड्याने दिला.

इतक्या लोकांना विचारलं सिस्टरनी. प्रज्ञाच्या वेळी मात्र विचारलं नाही.

स्थळ ठाण्याचं, बाळकुमचं. नव्या टॉवरमध्ये ऐसपैस घर. मुलगा निखिल, इंजिनिअर, अगदी सालस. ना व्यसन, ना आवाज चढवणं. आईवडील सुशिक्षित, देण्याघेण्याचं नावही काढलं नाही, लग्न विहारात साधेपणाने करू म्हणाले. सिस्टर हरखून गेल्या. आणि का नाही हरखणार? एकट्या बाईने वाढवलेली पोर. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा बसून चहा पिताना बघितलं. लग्नात त्या स्वतःच सगळ्यांना सांगत होत्या, "प्रज्ञा आता सेटल झाली हो." पाटील काकांनी मला कोपराने ढोसलं, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

लग्नानंतर प्रज्ञाने क्लास सोडला. येण्याजाण्याची दगदग कशाला, म्हणाले घरचे. प्रेमानेच म्हणाले. जयंतीच्या सूत्रसंचालनाला त्या वर्षी दुसरी मुलगी उभी राहिली, कारण त्याच दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. फोनवर प्रज्ञा म्हणायची, "हो आई. ठीक आहे आई. तू जेवलीस का?" पूर्वी मायलेकींचं बोलणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं, मिठावरून, तेलावरून, कशावरूनही वाजायचं. आता फोन मिनिटभरात संपायचा. सिस्टर फोन ठेवून म्हणायच्या, "शहाणी झाली." आम्हीही मान डोलवायचो.

मग एका रविवारी सिस्टरनी सुकटाची चटणी केली, प्रज्ञाला आवडते म्हणून, आणि मला म्हणाल्या, "मीनल, चल गं माझ्याबरोबर. मेट्रोच्या कामाने तिथला सगळा रस्ता बदललाय, मला उतरायचं कळत नाही." आम्ही दोघी गेलो. घर चकाचक. हॉलच्या भिंतीवर एक बारीक चीर गेलेली दिसली, तर विहीणबाई म्हणाल्या, "बिल्डरची माणसं म्हणाली, काळजी करू नका, नवी बिल्डिंग आहे, सेटल होतेय." बाई खरंच चांगल्या. त्यांनी सिस्टरच्या पाठीमागे उशी लावली, आग्रहाने बसवलं. प्रज्ञा चहा ठेवून आत गेली. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या लेकीचं सांगू का? इतकी छान सेटल झालीय ना आमच्याकडे! घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही."

सिस्टरच्या हातात कप होता. तो त्यांनी बशीत ठेवला. मी वाटच बघत होते, आता विचारतील. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. प्रज्ञा ओट्यापाशी उभी होती, आधीच लख्ख असलेला ओटा पुसत. सिस्टरनी तिचं मनगट धरलं. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या, एवढी ती वाळलेली.

"प्रज्ञा, तुला काय हवंय?"

"काही नाही गं आई."

"चार दिवस घरी येतेस?"

"तू म्हणशील तसं."

एवढंच. ना रडणं, ना तक्रार. मला तर त्यापेक्षा ती रडली असती तर बरं वाटलं असतं. विहीणबाईंना कारण सांगून सिस्टर तिला त्याच दिवशी घेऊन निघाल्या. रिक्षात प्रज्ञा बाहेर बघत बसली. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "साऱ्या गावाला विचारत फिरले. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी रिपोर्ट घेतला आणि चहा प्यायला गेले." मी त्यांचा हात धरून ठेवला.

चार दिवसांचे महिने झाले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. लोक यायचे, प्रत्येकाकडे उपाय. परत पाठवा. पाठवू नका. मूल होऊ द्या. सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि रोज सकाळी प्रज्ञाला एकच विचारायच्या, तुला काय हवंय? भाजी कुठली हवी, साडी कुठली हवी, इथपासून. आणि रोज तेच उत्तर. तू म्हणशील तसं. एकदा निखिल आला. बिचारा पांढराफटक पडलेला. म्हणाला, "आई, मी काय कमी केलं हो?" सिस्टरनी त्याच्यासाठी पोहे केले, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काही कमी नाही केलंस, बाळा. पण तिला कधी विचारलं नाहीस. मी तरी कुठे विचारलं?" तो पोहे न संपवताच गेला. मला त्याचीही दया आली, खोटं कशाला बोलू.

हळूहळू प्रज्ञा खाली उतरायला लागली. पाटील काकांच्या नातीला तिने अपूर्णांक शिकवले. मग कुठूनतरी तिनेच जाहिरात पाहिली, जुन्नरजवळच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका हवी होती. मुलाखतीला जाऊन आली, नोकरी मिळाली. सिस्टरच्या अंगात वारं शिरलं. आयुष्य ज्या घरात काढलं त्याला कुलूप लावायचं ठरवलं. आपणही जुन्नरला जायचं, दोन खोल्या घ्यायच्या, पोरीला गरम जेवण घालायचं. बिल्डिंगने कान खाल्ले, या वयात कुठे परगावी जाता, गुडघे बघा तुमचे. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. वाघमारे भाऊंचा फोटो तेवढा साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला. प्रज्ञा या सगळ्या तयारीत हो नाही, काहीच म्हणाली नाही.

निघायच्या दिवशी पाटील काकांच्या पोराने रिक्षा आणली. मी सामान धरायला कल्याणच्या एसटी स्टँडवर गेलेले. जुन्नरची गाडी लागली. बॅगा वर चढवल्या. सिस्टर आधी चढल्या, खिडकीची जागा रुमाल टाकून धरली आणि तिथून प्रज्ञाला हाका मारायला लागल्या, "ये गं, बस, मी कडेला बसते." प्रज्ञा दारातच उभी होती, एक हात दांड्यावर. कंडक्टर म्हणाला, "ताई, आत चला नाहीतर खाली उतरा."

तेव्हा प्रज्ञा बोलली. मोठ्याने नाही, पण स्पष्ट.

"आई, तू येऊ नकोस."

सिस्टरना आधी कळलंच नाही. "काय म्हणतेस?"

"मला एकटीला जायचंय. स्वयंपाक माझा मी करीन. जमलं नाही तर फोन करीन. पण तू येऊ नकोस. प्लीज."

गाडीतली चारदोन माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर आवरून निघालेली म्हातारी आई, आणि ही पोरगी चारचौघांत असं बोलते! सिस्टर उठल्या. रुमाल उचलला, आपली बॅग काढली आणि दारापाशी आल्या. प्रज्ञाचं मनगट धरायला हात पुढे केला, पण धरलं नाही. गालावरून हात फिरवला आणि खाली उतरल्या. गाडी सुटली तेव्हा प्रज्ञा खिडकीत होती, ती रडत होती, आणि हातही हलवत होती.

आम्ही दोघी स्टँडच्या बाकावर बसलो. बॅग सिस्टरच्या मांडीवर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून खांदे गदगदा हलत होते. मी म्हटलं, "सिस्टर, मनाला लावून घेऊ नका. तिच्या मनात तसं नव्हतं."

त्यांनी पदर बाजूला केला. डोळे लालबुंद, आणि बाई हसत होत्या!

"तसंच होतं गं तिच्या मनात," त्या म्हणाल्या. "ऐकलंस ना तू? नको म्हणाली. स्वतःच्या तोंडाने मला नको म्हणाली."